सौम्य संसर्ग झाला तर शरीराला त्याची आठवण किती दिवस राहते?

चौकस_मांजर
मंडळी, शंका साधी आहे पण जिथे विचारावं तिथे वेगळंच उत्तर मिळतंय म्हणून धागाच काढते. कोविड म्हणा, फ्लू म्हणा, एखादा विषाणू येतो, दोन दिवस घसा खवखवतो, थोडी कणकण, की झालं, माणूस अंगावर काढून मोकळा होतो. अशा किरकोळ आजारानंतर शरीर तो विषाणू लक्षात ठेवतं का, आणि ठेवलं तर किती काळ?
आमच्या घरात यावरून दोन पक्ष पडलेत. बाबांचं म्हणणं, आजार जितका जोरात तितकी प्रतिकारशक्ती पक्की, तुला काय झालं होतं, नुसत्या शिंका. मावसबहीण म्हणते अँटीबॉडी काही महिन्यांत उतरतातच, त्यामुळे सौम्य काय नि जोरात काय, सगळं वाहून जातं. तिने कोविडनंतर हौसेने दोनदा टेस्ट केली होती, दुसऱ्या वेळी आकडा धाडकन खाली आलेला, तेव्हापासून भेटेल त्याला हेच ऐकवते. माहीतगारांनी लिहा. प्रतिकारशक्ती वाढवायचे उपाय मात्र नकोत, हात जोडते.

झोपाळू_घुबड
पहिला! आता वर जाऊन वाचतो.

तिरकस
शरीराला सगळं आठवतं हो, पासवर्ड सोडून.

पेशीपुराण
चौकसताई, मावसबहिणीचा आकडा खरा आहे, त्यातून काढलेला अर्थ बरोबर नाही. (हा विषय शिकवते म्हणून लांबण लावतेय, चालवून घ्या.)
संसर्ग झाला की पहिल्या काही आठवड्यांत ज्या प्लाझ्मा सेल तयार होतात त्यातल्या बहुतेक अल्पायुषी. त्या भसाभसा अँटीबॉडी ओततात आणि मरून जातात, मग पातळी उतरणारच. आयुष्यात झालेल्या प्रत्येक संसर्गाच्या अँटीबॉडी पहिल्या महिन्याच्याच पातळीवर राहिल्या असत्या तर रक्तात दुसऱ्या कशाला जागाच उरली नसती. तेव्हा पातळी उतरली का हे विचारण्यात काही हशील नाही, उतरून कुठे थांबली ते विचारायचं.
आता एक हिशोब करून बघा. रक्तातल्या आयजीजी प्रकारच्या अँटीबॉडीचं अर्धायुष्य साधारण ३ आठवडे. नवीन बनणं पूर्ण थांबलं असेल तर वर्षभरात ती १७ वेळा निम्मी होणार, म्हणजे लाखात एक भागसुद्धा शिल्लक राहणार नाही. तरीही वर्षाने टेस्टमध्ये ती दिसत असेल तर शरीरात कोणीतरी अजून बनवतंय एवढाच त्याचा अर्थ. हे बनवणारे म्हणजे दीर्घायुषी प्लाझ्मा सेल, ज्या अस्थिमज्जेत जाऊन मुक्काम ठोकतात. तिथे त्या विभाजन वगैरे काही करत नाहीत, नुसत्या बसून वर्षानुवर्षं थोडं थोडं उत्पादन चालू ठेवतात.
सौम्य कोविडनंतर या तयार होतात का, हे सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत अली एलेबेडी यांच्या गटाने तपासलं, २०२१ साली 'नेचर'मध्ये छापून आलं. ७७ लोक, बहुतेकांचा आजार सौम्य. पहिले ४ महिने अँटीबॉडी भराभर उतरल्या, नंतर उतार मंदावला आणि ११ महिन्यांनीही त्या सापडत होत्या. शिवाय १८ जणांची अस्थिमज्जा ७-८ महिन्यांनी काढून पाहिली तर त्यातल्या बहुतेकांत या विषाणूवर अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी मिळाल्या. कधीच संसर्ग न झालेले ११ लोक तुलनेला घेतले होते, त्यांच्यात एकही नाही. तुमच्या बहिणीला पहिले चार महिने दिसले, पुढचा भाग तिने बघितलाच नाही.

उंटावरचा_शहाणा
कमरेच्या हाडात सुई घालून मज्जा काढून द्यायला १८ माणसं आपणहून तयार झाली?? मला रक्त द्यायचं म्हटलं तरी छतावरचा पंखा मोजावा लागतो.

झोपाळू_घुबड
@उंट, पंखा मोजतात? किती असतात?

उंटावरचा_शहाणा
पाती हो पाती.

गणिती_कासव
पेशीपुराण, लिहिलंय छान, पण १८ म्हणजे फार लहान नमुना आहे आणि ८ महिने म्हणजे 'दीर्घकाळ' असं मी तरी म्हणणार नाही. अस्थिमज्जेत पेशी दिसली म्हणजे ती तिथे कायमची राहायला आली हे कशावरून? २०२४ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये एक काम आलं होतं, कोविडच्या एमआरएनए लशीनंतरचं. त्यात धनुर्वात आणि फ्लूवरच्या पेशी अस्थिमज्जेच्या सर्वात टिकाऊ कप्प्यात व्यवस्थित सापडल्या, आणि कोविडवरच्या त्या कप्प्यात जवळपास नव्हत्याच. तेव्हा सगळे विषाणू एका मापाने मोजू नका. आणि लोकांना परत परत कोविड झालाच की, मला स्वतःला झालाय. आठवण होती तर ती तेव्हा काय करत होती?

पेशीपुराण
कासवराव, २०२४ च्या कामाबद्दल मान्य, तो मुद्दा खरंच उघडा आहे. फक्त ते लशीबद्दल होतं, नुसत्या संसर्गाबद्दल त्यावरून फार बोलता येणार नाही. बाकी परत का होतो त्याचं उत्तर रात्री लिहिते, ते एका वाक्यात मावणारं नाही.

शाळामास्तर
तोवर मी एक गोष्ट सांगून घेतो. १८४६ साली फेरो बेटांवर गोवराची साथ आली. पीटर पॅनम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर सरकारने तिकडे पाठवला. लोकसंख्या ७७८२, त्यातले ६००० च्या आसपास आजारी. तिथे आधीची गोवराची साथ १७८१ ची, मधल्या ६५ वर्षांत गोवर फिरकलाच नव्हता. आणि पॅनमने टिपून ठेवलं की १७८१ मध्ये ज्यांना लहानपणी गोवर येऊन गेला होता त्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही परत झाला नाही, आणि त्यांच्याच वयाच्या ज्यांना तेव्हा तो झाला नव्हता त्यांना मात्र आता झाला. प्रयोगशाळा नाही, टेस्ट नाही, अँटीबॉडी हा शब्दही जन्मायचा होता. नुसतं गावोगाव फिरून माणसांना विचारून ६५ वर्षांची स्मृती सिद्ध केली! आणि मधे विषाणू नव्हताच म्हणजे 'अधूनमधून संपर्क येतो म्हणून आठवण ताजी राहते' हाही आक्षेप निकालात.
असंच दुसरं, १९१८ च्या फ्लूतून वाचलेल्या ३२ जणांचं रक्त २००८ च्या सुमारास तपासलं, वयं ९१ ते १०१. त्या १९१८ च्या विषाणूला निष्प्रभ करणाऱ्या अँटीबॉडी त्यांच्यात होत्या, आणि काहींच्या रक्तातून तशा अँटीबॉडी बनवणाऱ्या मेमरी बी सेल (विषाणू लक्षात ठेवणाऱ्या पेशी) सुद्धा वेगळ्या काढता आल्या. नव्वद वर्षं!

तिरकस
मास्तर, गोष्ट झकास, पण ताईंनी सौम्य आजाराचं विचारलंय. गोवर आणि १९१८ चा फ्लू ही सौम्यची उदाहरणं असतील तर मला तुमच्या वर्गात बसायचं नाही.

निळी_शाई
तिरकसशी सहमत, पहिल्यांदाच.

लहानग्यांचा_डॉक्टर
सौम्यची उदाहरणं मी देतो, आणि ती इतकी ठळक आहेत की बाबांचा पक्ष तिथेच पडतो.
पोलिओ घ्या. पोलिओचा विषाणू शिरलेल्या माणसांपैकी बहुतांश, सत्तर टक्क्यांच्या वरच, लोकांना काहीही होत नाही. लुळेपणा येतो तो साधारण २०० त एकाला किंवा त्याहून कमी. पण ज्याला कळलंही नाही की आपल्याला पोलिओ होऊन गेला, त्यालाही त्या प्रकारच्या पोलिओविरुद्ध आयुष्यभराचं संरक्षण मिळतं. (प्रकार तीन आहेत, एकाची आठवण दुसऱ्याला फारशी उपयोगी नाही.)
कावीळ अ, म्हणजे हेपॅटायटिस ए. सहा वर्षांखाली ती झाली तर बहुतेक मुलांच्या आईबापांना पत्ताही नसतो, डोळे पिवळे होत नाहीत, काही नाही. मोठेपणी रक्त तपासलं की आयजीजी हजर, आणि परत ती कावीळ होत नाही. रुबेलातही निम्म्याच्या आसपास लोकांना पुरळसुद्धा उठत नाही.
आणि सगळ्यात भारी म्हणजे पीतज्वराची लस. ही जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लस, १९३० च्या दशकातली, मॅक्स थायलर यांना यासाठी १९५१ चं नोबेल मिळालं. जिवंत लस म्हणजे मुद्दाम दिलेला सौम्य संसर्गच की. पूर्वी दर १० वर्षांनी परत घ्यायचा नियम होता, २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की एकच डोस जन्मभर पुरतो, आणि २०१६ पासून प्रवासाच्या प्रमाणपत्रावरही ती आयुष्यभर ग्राह्य धरतात. जोरात आजार झाल्याशिवाय आठवण राहत नसती तर अर्ध्या लशी कचऱ्यात गेल्या असत्या.

चौकस_मांजर
डॉक्टर, हे बाबांना वाचून दाखवलं. 'पोलिओ वेगळा' म्हणाले. आता पक्ष बदलायच्या बेतात आहेत असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटतंय पण मान्य करणार नाहीत.

पायवाट
माझ्या धाकट्या भावाला लहानपणी कांजिण्या आल्या तेव्हा अंगावर जेमतेम दहाबारा फोड, आणि आम्हा बाकीच्या भावंडांची अक्षरशः चाळण झाली होती, त्यामुळे त्याला परत येणार असं सगळे धरूनच चालले होते. नंतर त्याच्या स्वतःच्या मुलांना आल्या, हा त्यांच्याच खोलीत झोपायचा, काही झालं नाही. एका माणसावरून सिद्ध काही होत नाही माहितेय, तरी.

दिवाभीत
मग याचा अर्थ मुलाला मुद्दाम कांजिण्या झालेल्या मुलांत खेळायला सोडलं तर उत्तमच की! सौम्य होईल, जन्माची निश्चिंती.

लहानग्यांचा_डॉक्टर
दिवाभीत, सौम्यच होईल हे तुम्हाला कोणी लिहून दिलं? कोणाला किती जोरात होणार हे आधी कळत नाही, कांजिण्यांत न्यूमोनिया आणि मेंदूची सूज आलेली मुलं मी बघितली आहेत. शिवाय कांजिण्यांचा विषाणू बरं झाल्यावर जात नाही, मज्जातंतूंच्या गाठींत दडून बसतो आणि म्हातारपणी नागीण म्हणून उठतो. लस असताना हा उद्योग करू नका.
गोवराबाबत तर अजूनच वाईट. तो शरीराची जुनी आठवण पुसतो. २०१९ मध्ये लस न घेतलेल्या मुलांचं गोवराच्या आधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं, तर आधी कमावलेल्या अँटीबॉडींच्या साठ्यातला ११ ते ७३ टक्के भाग गायब. म्हणजे गोवर लक्षात राहिला आणि बाकीचे विसरले. लशीने असं होत नाही.

दिवाभीत
बरं बरं, विचारलं फक्त. खेकसता काय.

पेशीपुराण
आले. कासवरावांचा प्रश्न, आठवण होती तर परत का झाला.
आठवण आहे म्हणजे संसर्ग होणारच नाही, असं आपण गृहीत धरतो तिथे गोची आहे. रक्तात तयार अँटीबॉडी भरपूर असतील तर विषाणू दारातच अडतो. त्या कमी असतील तर मग मेमरी बी सेल आणि टी सेल (संसर्ग झालेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या आणि बी सेलना मदत करणाऱ्या पेशी) जाग्या व्हाव्या लागतात, आणि त्यांना जागं होऊन, संख्या वाढवून, कामाला लागायला काही दिवस लागतात. पहिल्या वेळेपेक्षा पुष्कळ लवकर, पण तरी काही दिवस. आता विषाणूचा वेग बघा. गोवर पोटात घेऊन माणूस १०-१२ दिवस फिरतो, मग लक्षणं. हेपॅटायटिस बी ला तर सरासरी ९० दिवस. तेवढ्या वेळात आठवण आरामात जागी होते आणि विषाणूचा खेळ लक्षणांच्या आधीच संपतो. म्हणून हेपॅटायटिस बी ची लस घेतलेल्यांच्या अँटीबॉडी कालांतराने १० च्या (टेस्टमध्ये संरक्षणाची मानली जाणारी पातळी) खाली गेल्या तरी निरोगी माणसाचं संरक्षण टिकतं. पण फ्लू १ ते ४ दिवसांत लक्षणं देतो, ओमिक्रॉनही तीनेक दिवसांत. पेशी जाग्या होईपर्यंत नाक गळायला लागलेलं असतं.

तिरकस
म्हणजे वरातीमागून घोडं.

पेशीपुराण
अगदीच तसं नाही तिरकस, कारण घोडं पोचतं आणि पोचल्यावर फुफ्फुसं वाचवतं. १९९० मध्ये ब्रिटनच्या कॉमन कोल्ड युनिटचा एक प्रयोग छापून आला होता. स्वयंसेवकांच्या नाकात २२९ई नावाचा सर्दीचा कोरोनाविषाणू सोडला, मग वर्षाने तोच विषाणू परत सोडला. आधी संसर्ग झालेल्यांपैकी बऱ्याच जणांना पुन्हा संसर्ग झाला, विषाणू नाकातून बाहेरही पडत होता, पण त्यांच्यातल्या एकालाही सर्दी झाली नाही.
आणखी दोन गोष्टी. नाकाच्या अस्तरात काम करतात त्या आयजीए अँटीबॉडी, त्या रक्तातल्यांपेक्षा लवकर ओसरतात. आणि विषाणू चेहरा बदलतो. गोवर बदलत नाही म्हटलं तरी चालेल, बदलला तर त्याचं स्वतःचंच काम अडतं. फ्लू आणि कोविड बदलत राहतात. साध्या सर्दीचे ऱ्हायनोव्हायरस तर १५० हून जास्त प्रकारचे आहेत, शरीर प्रत्येकाला लक्षात ठेवतं हो, पण दर वेळी दाराशी नवाच उभा.

गणिती_कासव
हां, हे पटलं. मग 'आठवण किती टिकते' आणि 'परत होईल का' हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. बहुतेक बातम्यांत दोन्हींची खिचडी करतात आणि मग एक मथळा म्हणतो जन्मभर संरक्षण, दुसरा म्हणतो चार महिन्यांत संपलं.
तरी बाबांच्या मुद्द्याचं काय, जोरात आजार झालेल्यांच्या अँटीबॉडी जास्त असतात हे तर खरंय ना? कोविडमध्ये मी तसे आलेख पाहिलेत.

पेशीपुराण
हो, सरासरी जास्त निघाल्या, बाबांना तेवढे गुण द्या. विषाणू जास्त, तो शरीरात राहिला जास्त दिवस, मग प्रतिक्रियाही मोठी. पण जास्त म्हणजे चांगल्या दर्जाच्या असं नाही. चांगली आठवण घडते ती लसिका ग्रंथींतल्या जर्मिनल सेंटरमध्ये. तिथे बी सेल स्वतःत बारीक बदल करत जातात, ज्यांची पकड घट्ट त्या टिकतात, बाकीच्या मरतात, आणि संसर्ग संपल्यावरही हे अनेक महिने चालू राहू शकतं. २०२० मध्ये कोविडने दगावलेल्या रुग्णांच्या ग्रंथी आणि प्लीहा तपासल्या तेव्हा तिथली ही जर्मिनल सेंटरं जवळपास नाहीशी झालेली दिसली. दाह इतका प्रचंड की शाळाच मोडली. याउलट अमेरिकेत ला होया इथे १८८ बरे झालेल्या लोकांचा अभ्यास झाला, बहुतेक सौम्यवाले, त्यात मेमरी बी सेल पहिल्या महिन्यापेक्षा सहाव्या महिन्यात जास्त निघाल्या. अँटीबॉडीचा आलेख खाली जातोय आणि त्याच वेळी आठवणीचा वर! मावसबहिणीला हा एकच मुद्दा सांगायचा असेल तर हा सांगा.
आणि टी सेल वेगळ्याच, त्या नेहमीच्या टेस्टमध्ये येतच नाहीत. २००३ च्या सार्समधून (कोविडच्या विषाणूच्याच भाऊबंदाचा आजार) बरे झालेल्यांच्या रक्तात सिंगापूरच्या संशोधकांना १७ वर्षांनीही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी सेल मिळाल्या.

निळी_शाई
वाचनखूण साठवली. जर्मिनल सेंटरबद्दल कोणीतरी स्वतंत्र धागा काढा प्लीज, हे पहिल्यांदाच वाचतेय.

पायवाट
आठवण नेहमी चांगलीच असते का पण? डेंग्यू दुसऱ्यांदा झाला तर जास्त त्रास होतो असं ऐकलंय, आमच्या ओळखीत एकाचं तसं झालंही, पहिला ताप अगदी किरकोळ होता.

लहानग्यांचा_डॉक्टर
पायवाट, बरोबर ऐकलंय. डेंग्यूचे चार प्रकार. एक होऊन गेला की त्या प्रकाराविरुद्ध दीर्घकाळ संरक्षण, आणि बाकी तिघांविरुद्ध थोडे महिने. त्यानंतर दुसरा प्रकार आला तर जुन्या अँटीबॉडी त्याला चिकटतात पण निष्प्रभ करू शकत नाहीत, उलट त्यांच्याच आधाराने विषाणू पेशींत सोप्या वाटेने शिरतो. म्हणून दुसऱ्या वेळी गंभीर व्हायची शक्यता वाढते, दर वेळी होतंच असं नाही. पहिला ताप सौम्य होता का जोरात यावर हे अवलंबून नाही, पहिल्याचा पत्ताच नसलेल्यांनाही हे होऊ शकतं. डेंग्यूत आठवण अर्धवट असणं हीच अडचण.

शाळामास्तर
फ्लूतही थोडं असंच आहे ना? लहानपणी पहिल्यांदा जो फ्लू भेटला त्याचीच छाप राहते म्हणे. थॉमस फ्रान्सिस यांनी १९६० मध्ये याला 'ओरिजिनल अँटिजेनिक सिन' असं नाव दिलं होतं, मूळ पाप!

तिरकस
मूळ पाप नाकातून. साहित्यिक मंडळी लिहून घ्या.

झोपाळू_घुबड
सगळं वाचलं. शेवटी टिकते की नाही टिकते?

गणिती_कासव
घुबडा, टिकते. सौम्य आजारानंतरही टिकते. नवीन बनणं चालू असताना गोवर, गालगुंडाच्या अँटीबॉडींची पातळी निम्मी व्हायला लागणारा काळ तर एका अभ्यासात २०० वर्षांच्या पुढे निघाला होता, धनुर्वाताचा ११ वर्षं. कोविडचा आकडा मात्र कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर दुर्लक्ष कर, विषाणूच २०१९ चा आहे.

चौकस_मांजर
सगळ्यांचे आभार, विशेषतः पेशीपुराण आणि डॉक्टर. मावसबहिणीला सहाव्या महिन्याचा मुद्दा पाठवला, तिने अंगठा दाखवलाय, वर की खाली ते कळलं नाही. बाबांनी वेगळाच प्रश्न काढलाय, त्यांना लहानपणी कांजिण्या आल्या होत्या, वर लिहिलंय तसा विषाणू आत असेल तर नागीण का होते, अँटीबॉडी आयुष्यभर टिकतात ना?

लहानग्यांचा_डॉक्टर
अँटीबॉडी टिकतात. पण मज्जातंतूंत दडलेल्या विषाणूला दाबून ठेवायचं काम प्रामुख्याने टी सेलचं आणि वयाबरोबर त्याच ढिल्या पडतात. म्हणून पन्नाशीनंतर नागिणीचं प्रमाण वाढतं आणि म्हणूनच तिची लस त्या वयापासून पुढे सुचवतात. लहानपणी कांजिण्या किती जोरात आल्या होत्या याला इथे महत्त्व नाही. बाबांना मधुमेह वगैरे काही असेल तर ते सांगून त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना लशीबद्दल विचारा, मी इथे बसून लिहून देणार नाही.